सुटलेल्या माणसाचा सोबती



दारूबंदीचा इतिहास सांगणारें लिखाण आपल्याकडे बरेंच आहे. कायदे केव्हां झाले, कोणत्या सभेंत कोणता ठराव मांडला गेला, दुकानांपुढें निरोधन कोणीं केलें, त्यांत तुरुंगांत कोण गेले, या सर्वांची मोजदाद त्यांत सांपडते. परंतु ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप झाला, त्या माणसाची हकीकत त्यांत क्वचितच येते. एके रात्रीं त्यानें पेला खालीं ठेवला आणि तो पुनः उचलावयाचा नाहीं असें मनाशीं ठरविलें. रात्र सरली, दुसरा दिवस उजाडला, हात कांपूं लागले, जीव घाबरा झाला. त्या दुसऱ्या दिवशीं त्याच्यापाशीं कोण बसलें होतें? आज मी जें सांगणार आहें तें या एका प्रश्नाविषयीं आहे. आरंभ मावळापासून करतों. एक तर तो माझा मुलूख आहे, आणि दुसरें असें कीं, या प्रश्नाचें एक जुनें उत्तर मावळांतल्याच नदीच्या कांठीं तयार झालेलें आहे.

लोणावळ्याजवळ कुरवंडें म्हणून गांव आहे. तेथील डोंगरांत इंद्रायणी उगम पावते. कामशेत, इंदुरी अशीं गांवें मागें टाकीत ती देहूस येते, देहूहून आळंदीस जाते आणि पुढें तुळापुरास भीमेला मिळते. सह्याद्रीच्या ऐन कड्यावर पडलेलें पावसाचें पाणी कोंकणांत न उतरतां पूर्वेकडे वळावें आणि तुकोबा-ज्ञानोबांच्या पायांशीं जावें, याचें मावळांतल्या माणसाला मोठें अप्रूप वाटतें. तुकोबा जेथें चिंतनाला बसत तो भंडाऱ्याचा डोंगर मावळांतच आहे. त्यांचे टाळकरी संताजी जगनाडे यांची समाधि सुदुंबऱ्यास आहे. १६८५ सालीं तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं देहूहून पालखी नेण्याचा प्रघात पाडला, आणि तेव्हांपासून मावळांतलीं गांवेंच्या गांवें ज्येष्ठ महिन्यांत पेरणीची घाई उरकून त्या वाटेला लागतात.

वारकरी होणें म्हणजे गळ्यांत तुळशीची माळ घालणें. ही माळ बाजारांतून आणून आपली आपण घालावयाची नसते. ती जुन्या वारकऱ्याच्या हातून घ्यावी लागते. घेतांना जीं वचनें द्यावीं लागतात त्यांत मद्य-मांस वर्ज्य करणें, खरें बोलणें, एकादशी करणें आणि पंढरीची वारी न चुकविणें हीं मुख्य होत. बाहेरच्या माणसाला यांतलें पहिलेंच वचन दिसतें. मला मात्र शेवटचें अधिक मोलाचें वाटतें. दारू सोडण्याचें वचन माणूस एकट्यानें देतो; वारीचें वचन त्याला चार माणसांत नेऊन उभें करतें. दिंडींत त्याची जागा ठरते. पहांटे कोणी तरी त्याला हालवून उठवितो. अडीच-तीन आठवडे त्याच्या उजव्या-डाव्या हाताला तींच तीं माणसें चालतात, आणि तो मागें राहिला तर कोणी तरी वळून पाहतो. शिवाय त्या वाटेवर लहानथोर एकमेकांच्या पायां पडतात. काल-परवांपर्यंत ज्याला सारा गांव दारुड्या म्हणत होता, त्याच्या पायांवर साठीचा म्हातारा डोकें ठेवतो आणि त्याला ‘माउली’ म्हणतो. हा संस्कार किती खोल जात असेल याची कल्पना ज्याला कधीं कोणीं हिडीसफिडीस केलेलें नाहीं त्याला यावयाची नाहीं.

माझ्या लहानपणीं आमच्या शेजारीं रेल्वेच्या इंजिनशेडमध्यें कामास असलेला एक खलाशी राहत असे. त्याचें नांव सांगत नाहीं. पगार झाला कीं तीन दिवस तो घरीं नसे, आणि चौथ्या दिवशीं तो येत नसे, त्याला आणावें लागे. त्यानें दारू तीन वेळां सोडली. पहिल्या वेळीं बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती आठ दिवस टिकली. दुसऱ्या वेळीं देवळांत जाऊन बेल-भंडारा उचलला. ती शपथ मोडल्यावर मात्र गांवानें त्याला जवळजवळ वाळींत टाकलें. कारण आतां तो नुसता दारुड्या उरला नव्हता, देवाशीं खोटें बोललेला मनुष्य झाला होता. यानंतर गांवांतला एक म्हातारा माळकरी त्याच्या ओट्यावर येऊन बसूं लागला. उपदेश कांहीं नाहीं. दिवेलागणीच्या वेळीं, म्हणजे नेमके जेव्हां याचे पाय गुत्त्याकडे वळत त्याच घटकेस, तो म्हातारा येई, तंबाखूची चंची सोडी, आणि थोड्या वेळानें म्हणे, “चल बाबा, हरिपाठाला माणूस कमी पडतंय.” हरिपाठाला माणूस कधींच कमी पडत नसे, हें आम्हां पोरांनाहि ठाऊक होतें. सहा महिने हा क्रम चालला. मग एका कार्तिकी एकादशीस त्या खलाशानें आळंदीला जाऊन माळ घेतली.

पण खरें तेंच सांगावयाचें तर माळेलाहि एक अवघड बाजू आहे. ती ज्याच्या गळ्यांत टिकली तो तरला. ज्याची टिकली नाहीं त्याचें काय? माळ घालून प्यालेला मनुष्य दुप्पट लाजतो. तो प्रथम माळ काढून खुंटीला अडकवितो, मग देवळाची वाट सोडून पलीकडच्या बोळांतून जाऊं लागतो, आणि ज्या माणसांची त्याला सर्वांत अधिक गरज असते त्यांनाच चुकवितो. पाय घसरलेल्याला पुनः पंक्तींत कसें घ्यावें, आणि घेतांना त्याची लाज कशी राखावी, हा प्रश्न उरतोच. यापुढची हकीकत ऐकतांना तो ध्यानांत असूं द्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मावळाचा चेहरामोहरा पालटला. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावूं लागली, आणि १८६३ च्या एप्रिलमध्यें बोरघाटाची चढण पुरी होऊन मुंबई व पुणें अखंड जोडलीं गेलीं. घाटाचें काम ऐन भरांत होतें तेव्हां चाळीस हजारांवर मजूर तेथें राबत होते; पटकी, ताप आणि अपघात यांनीं त्यांतले हजारों मेले. लोणावळें हें रेल्वेचें गांव झालें. त्यानंतर १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. झाडाचा रस काढण्यास परवाना, दारू गाळण्यास परवाना, विकण्यास परवाना, असें होतां होतां दारू ही गांवगाड्यांतली वस्तु न राहतां मक्तेदाराच्या दुकानांतली वस्तु झाली. जत्रेला, लग्नाला किंवा देवाला म्हणून जी वर्षांतून चार वेळां निघे, ती आतां रोज संध्याकाळीं रोख पैशांस मिळूं लागली. आणि सरकारच्या तिजोरीला तिचा आधार झाल्यावर ती कमी व्हावी असें सरकारास मनापासून वाटणें शक्य नव्हतें. महात्मा जोतीराव फुले तेव्हां पुणें नगरपालिकेचे सभासद होते. १८८० सालीं शहरांत वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनीं लेखी तक्रार केली. या दुकानांनीं कुटुंबेंच्या कुटुंबें धुळीस मिळत आहेत असा त्यांचा रोख होता. गरिबाच्या घरांतून विचार करणारा माणूस नगरपालिकेंत बसला म्हणजे काय होतें, याचा हा एक नमुना.

पुढें १९०८ सालीं पुण्यास दारूविरुद्ध मोठी चळवळ झाली. तींत लोकमान्य टिळक होते, आणि सरकारी शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांच्यासारखे इंग्रज गृहस्थहि होते. तरुण स्वयंसेवक दुकानांपुढें उभे राहत आणि आंत शिरणाऱ्याला हात जोडून परत फिरण्याची विनंती करीत. सरकारनें त्यांना अडविलें, त्यांच्यावर खटले केले. जूनच्या २४ तारखेस टिळकांनाच राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलें, आणि ती चळवळ ओसरली. या स्वयंसेवकांविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे: त्यांचें काम दुकानाच्या दारापाशीं संपत असे. परत फिरलेला मनुष्य फिरून कोठें गेला, घरीं त्याची रात्र कशी गेली, हें पाहण्यास कोणी नेमलेला नव्हता.

ही उणीव मराठींत सर्वांत आधीं ज्यानें दाखविली तो कोणी समाजसुधारक नव्हता, नाटककार होता. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ १९१९ च्या फेब्रुवारींत गंधर्व मंडळीनें रंगभूमीवर आणलें. तें पाहावयास गडकरी उरले नव्हते. त्याच वर्षीं जानेवारीच्या २३ तारखेस ते निवर्तले. या नाटकाची आठवण निघाली म्हणजे आपण तळीरामाचें मद्यपीमंडळ आठवून हंसतों आणि सिंधूचें दळण आठवून रडतों. पण माझ्या मतें नाटकाचा कणा वेगळाच आहे. सुधाकर मधें एकदां दारू खरोखरीच सोडतो. त्याचा निश्चय नाटकी नाहीं. तो नोकरी शोधूं लागतो. ओळखीपाळखीच्या प्रतिष्ठित माणसांकडे जातो. आणि जेथें तेथें त्याला तुच्छतेनें वागविलें जातें. अखेर तो पुनः पेल्याकडे वळतो, तो तहानेनें नव्हे, अपमानानें. पडलेल्या माणसाला आपण उठ म्हणतों, आणि तो उठून उभा राहिला कीं त्याला बसावयास जागा देत नाहीं, हें गडकऱ्यांनीं नेमकें हेरलें होतें. शंभरांहून अधिक वर्षें या नाटकाचा उपयोग ‘पहिला पेला घेऊं नका’ हें सांगण्यास झाला. पेला सोडलेल्याशीं कसें वागावें, हा त्यांतला दुसरा धडा आपण तितक्या कानांनीं ऐकला असें मला वाटत नाहीं.

याच सुमारास, नाटकगृहांपासून दूर, एक विलक्षण प्रकार घडला. ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, पालघरच्या बाजूस, मांगेल्या कोळ्यांमध्यें देवीचा एक विधि सुरू झाला. कांहीं स्त्रीपुरुषांच्या अंगांत देवी येऊं लागली, आणि तिचा हुकूम असा निघाला कीं, ताडी-दारू पिऊं नका, मांस खाऊं नका, रोज स्नान करा. ही लाट डोंगरांतून आदिवासी वस्त्यांमध्यें पसरत पसरत १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजराथेंत जाऊन पोंचली. तेथें ज्यांचीं दारूचीं दुकानें होतीं आणि जे जमीनदारहि होते, त्यांच्याकडे मजुरीलासुद्धां जाऊं नये असें तिचें म्हणणें झालें. हजारोंनीं माणसांनीं दारू टाकली. वरून कोणी पुढारी गेला नव्हता, कायदाहि नव्हता. पुष्कळ ठिकाणीं कालांतरानें लोक पुनः पिऊं लागले हें खरें. कांहीं ठिकाणीं मात्र ते दारूकडे परत वळले नाहींत. या हकीकतींत मला महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, तेथें कोणी एकटा सोडणारा नव्हताच. सारा पाडा एका रात्रींत सोडी, आणि म्हणून दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं कोणी कोणाला बोलावणारा उरत नसे.

कायद्याचा भाग मी लवकर आटोपतों. १९३० सालीं गांधीजींनीं दारूच्या दुकानांवरील निरोधनाचें काम मुद्दाम स्त्रियांकडे सोंपविलें. १९३९ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी केली. तीन महिन्यांनीं तें मंत्रिमंडळच अधिकार सोडून गेलें. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदी कायदा झाला, आणि १९५० सालीं सर्व राज्य कोरडें झाल्याचें जाहीर झालें. कोरडें राज्य आणि ओलीं गांवें असा जो प्रकार मग झाला तो मावळांतील जुन्या माणसांना चांगला आठवतो. ओढ्याकांठच्या झाडींत हातभट्ट्या पेटल्या. पूर्वीं दुकानांत उजळ माथ्यानें पिणारा आतां लपून प्यावयास लागला, आणि लपून पिणाऱ्याला मदत करणें सर्वांत कठीण. कारण मदत मागावयाची म्हणजे आधीं गुन्हा कबूल करावयाचा. साठ सालानंतर ती बंदी सैल होत गेली. तो दारूबंदीचा कायदा आजहि कायम आहे. दारू मात्र परवान्यावर मिळते. कायद्यानें दुकान हटवितां येतें आणि त्याचा कांहींएक उपयोग होतोहि, विशेषतः ज्यानें अजून पेला उचललेला नाहीं त्याला. ज्याच्या शरीरानेंच दारूशीं करार केलेला आहे त्याची गोष्ट निराळी.

शरीराचें नांव निघालें म्हणून लोणावळ्यास पुनः येतों. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं तेथें कैवल्यधाम स्थापन केलें. त्यांचें मूळ नांव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याचे माणिकराव आणि माळसरचे परमहंस माधवदास हे त्यांचे गुरु. त्यांनीं आसनें आणि प्राणायाम यांचा शरीरावर परिणाम काय होतो हें क्ष-किरणांनीं आणि मापनयंत्रांनीं तपासावयास आरंभ केला, आणि ‘योगमीमांसा’ नांवाचें नियतकालिक काढून ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यसनमुक्ती हें त्यांचें उद्दिष्ट नव्हतें. तसें म्हणणें म्हणजे उगाच ओढून ताणून नातें जोडणें होईल. परंतु मनाच्या रोगाला शरीराची वाट असते, ती वाट मोजून पाहतां येते, आणि केवळ चांगलें-वाईट म्हणून काम भागत नाहीं, ही दृष्टि मावळांत त्यांनीं आणली. तिचें महत्त्व सांगण्यास एकच उदाहरण देतों. जुना पिणारा एकाएकीं दारू सोडतो तेव्हां पहिल्या दिवसापासून त्याचे हात कांपतात, घाम सुटतो, झोंप जाते. आणि कांहींजणांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं भास होतात, झटके येतात, जिवावरहि बेततें. आमच्या खेड्यांत या अवस्थेला ‘बाहेरचें झालें’ असें म्हणत, आणि मांत्रिकाला तरी बोलावीत नाहीं तर कोणी शहाणा ‘थोडी पाजा, बरें वाटेल’ म्हणून पुनः पेला तोंडाला लावी. तो दोन-चार दिवसांचा काळ वैद्यकीय देखरेखीखालीं गेला पाहिजे, हें साधें ज्ञान नसल्यामुळें किती निश्चय त्या तिसऱ्या रात्रीं बुडाले असतील! अमेरिकेंतील वैद्यक संघानें मद्यासक्ती हा आजार असल्याचें १९५६ सालीं मान्य केलें. आपल्याकडे ही गोष्ट घराघरांत पोंचावयास त्यानंतरहि बराच काळ जावा लागला.

त्याच अमेरिकेंत १९३५ सालीं एक लहानशी घटना घडली. बिल नांवाचा न्यूयॉर्कचा एक रोखे-दलाल धंद्याच्या कामासाठीं ओहायो प्रांतांतील अ‍ॅक्रन शहरीं गेला होता. त्यानें दारू सोडून कांहीं महिनेच झाले होते. काम फसलें, खिसा रिकामा झाला; हॉटेलाच्या दालनांत एका बाजूस मद्यगृह गजबजलेलें. त्या क्षणीं त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्याला या वेळीं उपदेशक नको आहे, दुसरा एक दारुड्या हवा आहे. त्यानें टेलिफोन करून करून एक गांठला. तो बॉब नांवाचा शस्त्रवैद्य होता, आणि दारूपायीं त्याचा धंदा बुडण्याच्या बेतास आला होता. दोघे तासन्‌तास बोलत बसले. बॉबनें जूनच्या १० तारखेस शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या मंडळाचा जन्मदिवस मानतात. नांव विचारावयाचें नाहीं, वर्गणी नाहीं, आणि प्रतिज्ञा आयुष्यभराची नव्हे, फक्त आजच्या दिवसाची. जो घसरला त्यानें उद्यां पुनः यावें, आणि पहिल्या दिवसापासून मोजावें. त्याच्यासाठीं खुर्ची रिकामी असते. माळेच्या बाबतींत जो प्रश्न मीं मघाशीं काढला होता त्याला येथें एक उत्तर मिळतें. १९५७ सालीं हें मंडळ दिल्लींत सुरू झालें. तेथून तें मुंबईस आलें, आणि आज त्याच्या मराठी सभा गांवोगांव भरतात.

या मंडळाचा अनुभव वाचतांना मला त्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली, आणि मीं गांवीं चौकशी केली. तो म्हातारा तरुणपणीं त्याच गुत्त्याचा नेहमींचा गिऱ्हाईक होता! हें आम्हांस लहानपणीं कोणीं सांगितलेंच नव्हतें. तो खलाशाला वांचवीत होता हें खरें. पण दिवेलागणीची ती घटका त्यालाहि अवघड जात असली पाहिजे, आणि ती घालविण्यास त्यालाहि सोबती हवा होता.

महाराष्ट्रांत या गोष्टींना संस्थेचें रूप आलें तें १९८० नंतर. मुंबईस वांद्र्याच्या एका चर्चमध्यें फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं ‘कृपा फाउंडेशन’ काढलें. ते स्वतः या व्यसनांतून गेलेले, आणि तें ते उघड सांगतात. शिवाय ते पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळें त्यांनीं या मंडळाची पद्धत आणि योगासनें यांची सांगड घातली. पुण्यास याच काळांत तरुण मुलांमध्यें गर्द नांवाचें विष पसरलें होतें. अनिल अवचट यांनीं त्याविषयीं लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि एक लाख रुपये घेऊन पुढें आले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना सारे सुनंदा म्हणत, त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं त्या रुग्णालयाच्याच आवारांत ‘मुक्तांगण’ सुरू झालें.

मुक्तांगणांतल्या एका रिवाजाकडे मी आपलें लक्ष वेधतों. तेथें जे बरे झाले त्यांतल्याच कित्येकांना पुढें समुपदेशक म्हणून कामाला लावलें. बाहेर ज्यांना कोणी नोकरी देईना, त्यांच्या हातीं येथें नव्यानें आलेल्याचा हात दिला. सुधाकराला जी जागा मिळाली नाहीं ती ही. आणि ही जागा दयेची नव्हे. कारण पहिल्या आठवड्यांत चडफडणाऱ्या, घरच्यांना शिव्या देणाऱ्या, पळून जाऊं पाहणाऱ्या मुलाला काय सांगावें हें जितकें यांना कळतें तितकें पदवीधराला कळतेंच असें नाहीं. पांच आठवडे राहून मनुष्य घरीं जातो. त्यानंतर ठराविक दिवशीं पाठपुराव्याच्या बैठकींस येतो. आणि व्यसनाविना एक वर्ष गेलें कीं त्याचा वाढदिवस साजरा होतो. सुनंदाबाई १९९७ सालीं कर्करोगानें वारल्या. अनिल अवचट २०२२ च्या जानेवारींत गेले. संस्थेचा भार त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आला.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या मतें सर्वांत उशिरा सुचलेली. पिणारा एक असतो, पण आजारी सारें घर असतें. सिंधूला विचारणारें कोणी नव्हतें. अमेरिकेंतहि अशा कुटुंबांचें स्वतंत्र मंडळ निघावयास १९५१ साल उजाडलें. मुक्तांगणांत पत्नींसाठीं ‘सहचरी’ या नांवानें गट आहे. नवऱ्याच्या खिशाची झडती घेणें, त्याच्या साहेबाला खोटा निरोप देणें, मुलांपुढें सारवासारव करणें, यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्या बायकांना नवरा सुधारल्यावर एकाएकीं हलकें वाटत नाहीं. पुष्कळदां रागच येतो, आणि तो बोलून दाखविण्यास दुसरी तशीच बाई लागते. आमच्या त्या खलाशाची बायको तो माळकरी झाल्यावरहि कित्येक वर्षें पगाराच्या दिवशीं स्टेशनाच्या पुलावर जाऊन उभी राही. त्याला घेऊन येण्यास नव्हे. तो सरळ घराकडे वळला कीं ती आडवाटेनें त्याच्या आधीं घरीं पोंचे आणि चुलीपुढें बसे. त्याला हें ठाऊक होतें. तो तिच्यासाठीं मुद्दाम हळू चालत असे.

या खलाशाचा धाकटा मुलगा पुढें ट्रकवर लागला आणि बापाच्याच वाटेनें गेला. नव्वद सालानंतर केव्हां तरी त्याला पुण्याच्या एका केंद्रांत ठेवलें. बाहेर आला, सात महिने नीट राहिला, घसरला, आणि पुनः गेला. म्हाताऱ्यानें तोंडांतून शब्द काढला नाहीं. आपला मुलगा दुसऱ्यांदां पहिल्या दिवसापासून मोजतो आहे हें त्याला प्रथम चमत्कारिक वाटलें असावें, कारण त्याच्या हिशेबीं मोडलेली शपथ ती मोडलीच. वर्ष भरल्यावर मुलाच्या त्या वाढदिवसाला बापाला बोलावलें. मी बरोबर गेलों होतों. खोलींत तीस-चाळीस माणसें, सतरंजी, चहाची किटली. एकेक जण उठे, आपलें नांव सांगे, आपण काय केलें तें सांगे, आणि खालीं बसे. म्हातारा गळ्यांतल्या माळेशीं चाळा करीत तासभर ऐकत राहिला. परत येतांना लोकल कामशेतच्या पुढें आल्यावर तो मला म्हणाला, “आमच्यासारखंच आहे सगळं. फक्त टाळ नाहीत.” मग थोडा वेळ खिडकींतून बाहेर इंद्रायणीकडे पाहून म्हणाला, “पुढच्या खेपेला मी लवकर जाईन. त्या दाराशी बसला होता ना, कोपऱ्यात, कुणाशी बोलत नव्हता, त्याच्याजवळ बसायला हवं होतं.”